जेवढे नेले तेवढे आणले

राईच्या धक्क्यावर माझं काम सोपं. होडीत चढणारी माणसं मोजायची, उतरणारी मोजायची. परळच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या गुडघेदुख्या माणसाला आणखी काय देणार? लोकांना मात्र मोजून घेणं आवडत नाही. एक बाई रोज म्हणते, "काका, अजून जिवंत आहे हां मी!"

धक्क्याशी जुन्या बंदराचा दगड आहे. त्यावर ढाल, ढालीत होडी, खाली अक्षरं: ‘जेवढे नेले तेवढे आणले’. पर्यटन वाढावं म्हणून तेच चिन्ह आमच्या शर्टाच्या खिशावर छापलंय. छापणाऱ्यांना तो आशीर्वाद वाटला. दगडाशी सुकट विकणाऱ्या सरूबाईला मी अर्थ विचारला, तर म्हणाली, "बंदर माणूस कमी करत न्हाय. पन नेला त्योच आणतं, असं कुठं लिवलंय?"

मी हसलो होतो.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी चौदा जण खाडीपलीकडच्या मिठागरावर गेले. त्यात पंप दुरुस्त करणारा नीरज. दुपारी होडी परतताना दिसली, आणि होडीवाला सदू लांबूनच ओरडला, "नीरज पडला! लय शोधला, न्हाय गावला!"

नीरजची बायको ममता डबा घेऊन धक्क्यावर आली होती. तिनं डबा छातीशी घट्ट धरला.

माणसं उतरू लागली. सवयीनं मी मोजत होतो. बारा. तेरा.

चौदा.

चौदावा नीरज. कपडे कोरडे, केसांचा भांगसुद्धा जागेवर.

ममता रडत त्याला बिलगली. "सदूभाऊ, ही काय मस्करी?" सदू नीरजकडे बघतच नव्हता. बाकीचेही नाहीत. मी पुन्हा मोजलं. चौदाच.

शुक्रवारी तिवरांत प्रेत सापडलं. चेहरा उरला नव्हता. मनगटाला काळा दोरा होता. नीरज बांधायचा तसा. पण काळा दोरा हल्ली कोण बांधत नाही?

हवालदारानं विचारलं, "तुमच्यातला कोणी कमी आहे का?"

हो म्हणायचं तर जबानी, पंचनामा, मग ममतासमोर उभं राहणं. मी फार दमलो होतो. वही पुढे केली. चौदा गेले, चौदा आले.

प्रेत बेवारस म्हणून नेलं.

रविवारी ममता एकटीच आली.

"काका, तुम्ही नीट मोजलं होतं ना?"

"दोनदा."

"मग बरं." पण ती हलली नाही. "आमची इशिता रोज दुपारी दार उघड म्हणते. म्हणते, बाबा बाहेर उभेत, भिजलेत."

"लहान आहे गं. त्या दिवशीचं ऐकून घाबरली असेल."

"मीपण तेच सांगते तिला."

"नीरज काय म्हणतो?"

"काहीच नाही," ममता म्हणाली. "उठतात, आणि आतून कडी लावतात."