माझ्या शर्टाचं टोक

मक्याच्या शेताच्या फाटकाशीच माझ्या चाकाच्या खुर्चीचं एक चाक चिखलात रुतलं, आणि तो? फाटकाला टेकून चीजचे गोळे खात मजेत बघत राहिला!

"बघतोस काय नुसता?" मी खेकसले.

"मदत मागितलीस तर करीन. न मागता केली की चिडतात म्हणे."

"नाही मागणार!"

"मग मलाही घाई नाही."

सात मिनिटं लागली मला बाहेर यायला. मेल्यानं घड्याळ लावलं होतं! वर एक चीजचा गोळा पुढे केला. हा आर्लो. तीन दिवस हरणांची वाट बघत लपणीत माझ्या शेजारी हाच बसणार होता.

विस्कॉन्सिनमध्ये ऑक्टोबरात आमच्यासारख्या अपंग शिकाऱ्यांसाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो. आर्लोच्या आजोबांच्या, ग्रँपा मर्वच्या रानात कॅम्प भरतो. बाराव्या वर्षापासून मी बाबांबरोबर शिकारीला जायचे. मग ट्रॅक्टर उलटला, पाय गेले, आणि चार वर्षं मी बंदुकीला हात लावला नाही. तेव्हापासून माझ्याशी बोलताना लोक आवाज मऊ करतात. मला नको होता तो मऊ आवाज. मला शिकारी ब्रिटा परत हवी होती.

पहिल्याच दुपारी भला थोरला नर समोर आला, आठ टोकांच्या शिंगांचा. मी चाप ओढला... गोळी झाडात घुसली आणि हरीण पांढरी शेपटी उडवत पसार झालं.

कॅम्पची रीत अशी, की ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं टोक सगळ्यांसमोर कापायचं आणि तारीख घालून कॅम्पच्या लाकडी घरातल्या भिंतीवर ठोकायचं. खुद्द ग्रँपाचे सहा तुकडे तिथे लटकतात. मी तयारीत बसले होते.

"वारा होता गं पोरी," ग्रँपा मर्व हळुवारपणे म्हणाले. "तू आलीस हेच खूप."

कुणीतरी सूप पुढे केलं. कात्री काही खुंटीवरून हलली नाही. मला रडूच फुटलं. मी खुर्ची वळवून पोर्चवर आले. मागून आर्लो आला, हातात कात्री!

"शर्ट बाहेर काढ."

"काय?"

"झाडाचं पान हलत नव्हतं. घाबरलीस, म्हणून चुकलीस."

"हो, घाबरले!"

"मग चल आत. सगळ्यांसमोर कापणार आहे."

बाबांचा लाल चौकड्यांचा शर्ट होता तो. कचकच कात्री चालली... त्याची बोटं माझ्या कमरेशी... आणि माझ्या छातीत नुसती धडधड. मग ग्रँपा खो खो हसत सुटले. "त्या झाडाला शिंगं किती होती गं?" अशी टर उडवली सगळ्यांनी माझी, की बास! चार वर्षांत मी इतकी सुखी झाले नव्हते.

तिसऱ्या सकाळी रिमझिम होती. आर्लोचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला. मक्यातून तोच नर बाहेर आला.

"श्वास घे..." तो कुजबुजला.

"तू घे. मघापासून रोखून धरलायस."

मी चाप ओढला. साठ पावलांवर नर कोसळला! मी ओरडले, रडले, आर्लोच्या पाठीत धपाटे घातले. तोही डोळे पुसत होता.

"धूळ गेली," तो म्हणाला.

"पावसात?"

दुपारी आवराआवर सुरू झाली. आर्लो तीनदा माझ्यापाशी आला, तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा हवामान सांगून गेला. शेवटी मीच खुंटीवरची कात्री काढली.

"आर्लो, शर्ट बाहेर काढ."

"मी? मी तर गोळीच झाडली नाही!"

"तेच तर! तीन दिवस मी इतक्या जवळ बसले होते..."

"काप, काप!" ग्रँपा ओरडले. "आजोबावर गेलंय कार्टं. याच्या आजीला विचारायला मला दोन हंगाम लागले होते."

आर्लो लालबुंद झाला. माझा हात पोचावा म्हणून खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला.

"ब्रिटा... मला तू आवडतेस. त्या चिखलातल्या सात मिनिटांपासून." त्यानं शर्टाचं टोक घट्ट धरलं. "आता तरी सोडशील?"

"मलाही तू आवडतोस. पण रीत म्हणजे रीत!"

मी कचकन कापलं. मग भिंतीवरच्या माझ्या लाल तुकड्याचा खिळा उपटला, त्यावर त्याचा निळा तुकडा ठेवला, आणि दोन्ही एकाच खिळ्यात ठोकून टाकले.