दोन केसांइतकी जागा

माझं नवनीतशी लग्न ठरलं. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही ठरलेलं नाही, नवनीत कोण हेही मला ठाऊक नाही. मी लोणखेड्याची रुचिका. शुक्रवारी सकाळी माझी जीप तिसऱ्या गेअरमधून सुटली आणि शहाद्याच्या एका गॅरेजसमोर घरंगळत जाऊन थांबली, इतकंच.

गॅरेजवाला बाहेर आला. हात कोपरापर्यंत काळे, डोळे मात्र नुकतेच धुतल्यासारखे.

"रिपेर करनं शे का निस्तं ढकलनं शे, मॅडम?"

"रिपेअर करा, भाऊ."

मॅडम आणि भाऊ. याहून वाईट सुरुवात मी तरी ऐकलेली नाही.

प्रश्न गंभीर होता. सोमवारी मला तोरणमाळच्या शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून हजर व्हायचं होतं. रोज जीपनं वर, रोज जीपनं खाली. बापूंची, म्हणजे माझ्या वडिलांची अट अशी की रविवारी ते स्वतः मागे बसून घाट चढणार. तिसरा गेअर एकदा जरी सुटला तर नोकरी विसरायची. अटीला कारण होतं. बापू गाडी चालवायचे तेव्हा चढावर आई शेजारी बसून गेअरचा दांडा दाबून धरायची. घाटभर. मला तसं कोणी नव्हतं.

दुपारी गॅरेजवाल्यानं, म्हणजे नवनीतनं, गिअरबॉक्स उतरवून उघडला. जमिनीवर अंथरलेल्या पांढऱ्या धोतरावर त्यानं एकेक चक्र उतरत्या क्रमानं मांडलं. मी बोलायचं थांबले. माझ्या घरच्यांनी हे दृश्य कधी पाहिलेलं नाही... म्हणजे माझं बोलणं थांबलेलं. इतकी वर्षं आपल्या पायाशी असं काही फिरत होतं, आणि आपण वरून शेंगदाणे खात होतो.

तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. नवनीत धावत छत्री घेऊन आला, माझ्याजवळ थांबला, उघडली... आणि गेअरवर धरली.

"मी भिजते आहे," मी म्हटलं.

"तुमले गंज नही लागाव."

मग त्यानं फिलर गेज काढलं. एका टोकाला बांधलेल्या पोलादी पात्यांचा जुडगा, प्रत्येक पात्याची जाडी त्याच्यावर कोरलेली. त्यातलं एक त्यानं माझ्या हातात दिलं. शून्य पूर्णांक पंधरा शतांश मिलिमीटर.

"गेअर आनि वॉशरना मझार घाला. हळू... दोन केस ऱ्हातीन इतलीच जागा शे."

"आणि कमी असली तर?"

"तापीसन जाम. जास्त व्हयनी तं चढवर सुटस."

पातं आत गेलं. अडलं नाही, पण सहजही गेलं नाही. आपण कुठून तरी जातो आहोत हे त्याला कळत होतं. मी श्वास रोखला. त्यानंही रोखला असावा, कारण नंतर दोघं एकदमच खोकलो. अख्खा सातपुडा चढायचा, माणसं, दप्तरं, तांदळाचं पोतं घेऊन, आणि सगळा भार दोन केसांच्या फटीवर. दहावीत मला भूमितीचा असाच धाक वाटला होता, पण भूमितीच्या गालावर ग्रीसचा डाग नव्हता.

शनिवारी संध्याकाळी गाडी तयार झाली. मी चावी फिरवली, निघाले... तर नवनीत बोनेटसमोर उभा.

"उतर."

कालची मॅडम आज एकेरीवर आली होती. मी उतरले.

"चुकनं का काही?" मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

"चुकनं नही. मी करं." तो पान्याकडे बघत बोलत होता. "तू घर गयी तवय मी वॉशर बदलं. पातळ टाकं. आठ दिनमा गेअर सुटता... तू परत येती."

"आणि मी घाटात असते तर?"

"तेच आते सुचनं."

मी रागावले. अगदी मनापासून, साधारण दीड मिनिट. मग तो गाडीखाली सरपटत गेला आणि कालपासून दुसऱ्यांदा तोच गिअरबॉक्स उतरवायला लागला, आणि माझ्या रागाला उभं राहायला जागा उरेना. कॉलेजात एकानं मला गुलाब दिला होता. गुलाब देणारा कधी परत येऊन म्हणत नाही, थांब, यात खोट आहे, मी पुन्हा उघडतो.

जाड वॉशर बसला. त्यानं पातं माझ्यापुढे धरलं. "तूच देख. मन्हावर इश्वास ठेवू नको."

मी पाहिलं. दोन केस. बरोबर दोन.

रविवारी घाट. मी चालवत होते, बापू मागे, नवनीत 'काही आवाज आला तर' म्हणून शेजारी. मी तिसरा गेअर टाकला. पहिलं वळण, दुसरं, खाली दरीत ढग बसलेले... गेअर जागचा हलला नाही. जीप अशी चढत होती, जणू डोंगरच आदबीनं खाली सरकत होता. माझा हात दांड्यावर होता. थोड्या वेळानं त्यावर नवनीतचाही होता.

"गेअर सुटत नाहीये," मी हळूच म्हटलं.

"माहीत शे."

"मग?"

"ट्रायल चालू शे."

मागून बापू खाकरले. माझी नोकरी, माझा सोमवार, सगळं त्या खाकरण्यात अडकलं.

"तुन्ही माय बारा वरीस असाच दांडा धरीसन बठनी," ते म्हणाले. "तेन्हामा सात वरीस गेअर चांगलाच व्हता."

आणि ते खिडकीबाहेर सागाची झाडं मोजू लागले. मोठ्यानं, म्हणजे आम्हाला आमचं बोलता यावं.

चाळिसाव्या झाडाला मी लग्नाचं विचारलं. एक्केचाळिसाव्याला तो हो म्हणाला. तेवढ्यात घाट संपला.

म्हणून रस्तेखात्याच्या माननीय साहेबांना अर्ज: अर्जदार दररोज सदर घाटातून ये-जा करते. प्रत्यक्ष अनुभवांती घाटाची लांबी अपुरी असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी तोरणमाळ घाट किमान नऊ किलोमीटरने वाढवून मिळावा, चढ शक्यतो तिसऱ्या गेअरचाच ठेवावा, ही नम्र विनंती.