मसणवाट्याखालची वाळू

मोबाईल खाली ठिव रे. उद्या जत्रंत पाळण्यात बसायचं म्हणत होता न्हवं? मग हे ऐक, अन् मग काय ते ठरव.

शहादेव माझा चुलतभाऊ. सरकारी इंजिनेर. जत्रंतला आकाशपाळणा सरकारी माणसानं तपासून सही केल्याबिगर फिरवता येत न्हाई, अन् आमच्या भागात ती सही शहादेवची. लई किरकिऱ्या माणूस. नट अन् नट हातानं ओढून बघणार. लोक नाव ठेवायचे, मला मात्र त्याचा अभिमान वाटायचा.

गेल्या साली चैत्री पुनवेच्या आदल्या रात्रीची गोष्ट. गेवराईच्या पुढं, गोदाकाठच्या एका गावात जत्रा भरणार होती. शहादेव दिवस मावळताना पोचला. दुसरीत शिकणारी त्याची पोरगी धनश्री, तिला पहिल्याच फेरीत बसवायचं त्यानं कबूल केलेलं. ती अन् तिची आई मोहिनी सकाळच्या गाडीनं बीडहून येणार होत्या.

पाळण्याचा मालक सुंदरराव चहा घेऊनच पुढं आला. "सायेब, पाळणा झकास हाय. सही करा अन् जेवायला चला."

"आदी वजन," शहादेव म्हणला. "डब्याडब्यात माणसाच्या वजनाची वाळूची पोती बसवा. मग फिरवा."

सुंदरराव वैतागला. नदीत उपशाला बंदी, रस्त्यावर तहसीलची गाडी. वाळू आणायची कुठून? पण ट्रॅक्टर गेला, अन् अंधार पडल्यावर भरून आला. पोती डब्यांत चढली. बसणाऱ्याच्या पोटापुढं येणाऱ्या, ग्रीसनं काळ्या झालेल्या आडव्या दांड्या लागल्या. गडी जेवायला गेले. सुंदररावनं मोटर चालू केली.

शहादेव खाली उभा राहून कान देऊन ऐकत होता. एका डब्याचा आवाज येगळा येत होता. कर्र... कर्र... त्यानं टॉर्च मारली. डबा खाली आला.

आत पोतं न्हवतं. म्हातारी बसली होती. ओलं लुगडं. मान खाली.

"सुंदरराव, थांबवा! बाई चढलीय!"

"कुठं हाय बाई?"

डबा वर गेला. मागचा खाली आला. त्यात एक बाप्या. कपाळाला गुलाल. नाकात कापूस...

त्याच्या मागचा डबा. तिथंबी तसंच.

शहादेव सुंदररावकडं वळला. "वाळू... कुठली आणली?"

सुंदरराव मोटरकडं बघायला लागला.

"बोल की बे!"

"मसणवाट्याखालची, सायेब. तिकडं रात्रीचं तहसीलवालं फिरकत न्हाईत."

"बंद कर. पाळणा बंद कर!"

"सायेब... मोटर कवाच बंद केलीय."

पाळणा फिरत होता.

तो डबा परत आला. सावकाश. कर्र... म्हातारी तिथंच. पण आता तिच्या मांडीवर एक पोरगी. झोपायचा पांढरा फ्रॉक. केस मोकळे.

धनश्री.

तिनं बापाकडं बघितलं. तोंड उघडलं. आवाज... न्हाई.

डबा वर गेला. पार वर. अन् तिथं थांबला.

शहादेवनं घरी फोन लावला. "मोहिनी, धनश्री कुठं हाय?"

"कुठं म्हंजे? माझ्या कुशीत झोपलीय. कावून?"

त्यानं वर टॉर्च मारली. सगळ्या डब्यांत पोतीच.

उजाडेपर्यंत तो तिथून हलला न्हाई. मोहिनीला फोन करून सांगितलं, येऊ नको. मग म्हातारी दिसलेला तो डबा उतरवून घेतला. ज्या खिळीवर डबा टांगलेला, ती आतून चिरलेली. वरून रंग फासलेला. गावचे पुढारी आले, ओरडले, बदलीची धमकी दिली. शहादेवनं पाळण्याला सील ठोकलं, अन् वाळू होती तिथं परत टाकायला लावली.

पोरं वाचली. तुझ्यासारखंच मीबी म्हणलो, बरं झालं.

पण शहादेव घरी पोचला, तर मोहिनी दारातच उभी. रडून रडून डोळे सुजलेले. "रातभर मी हिला सोडलं न्हाई हो," एवढंच म्हणली.

धनश्री अजून झोपेत होती. श्वास नीट चालू होता. मोहिनीनं तिच्या अंगावरची चादर बाजूला केली.

फ्रॉकवर, पोटापाशी... ह्या कुशीपासून त्या कुशीपर्यंत... काळ्या ग्रीसचा आडवा पट्टा.