टकलूमामाचा डावा कान

त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही, तो लेकीच्या डाव्या कानापायी. चार वर्षांची पोर. उजवीकडून हाक मारली की लगेच ओ द्यायची, डावीकडून मारली की ढिम्म. कानांच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं, पण पुढचा आठवडा उजाडायला किती वेळ लागतो ते आईलाच विचारावं. त्यातून ही आई ध्वनिमुद्रण करणारी. पोटात असताना आपण हिला फार मोठमोठे आवाज ऐकवले, असा दोषही तिने स्वतःला देऊन टाकला होता. दोष द्यायला तिला फारसं निमित्त लागत नसे.

"राईचा पर्वत करू नकोस," सकाळी नवरा म्हणाला.

"झालाय करून. आता चढून बघते."

तिच्या कामाच्या खोलीत तिवईवर एक रबरी डोकं होतं. केस नाहीत, डोळे मिटलेले, दोन्ही कानांत एकेक मायक्रोफोन. त्याच्याभोवती जे वाजेल ते हेडफोन लावणाऱ्याला आपल्याच भोवती वाजल्यासारखं वाटे. डावीकडचं डावीकडे, मागचं मागे. लेक त्याला टकलूमामा म्हणायची, त्यामुळे नवऱ्याचा तो आपोआप मेहुणा झाला होता.

बापलेक दूध आणायला गेल्यावर तिने खिडक्या लावल्या, फ्रीज बंद केला, आणि अनवाणी पायांनी त्या डोक्याभोवती फिरत चाव्यांचा जुडगा वाजवला. आधी डावीकडे, मग मागे, मग उजवीकडे. शेवटी नेहमीच्या सवयीने थोडी रिकाम्या खोलीची शांतताही घ्यायची, म्हणून ती हळूच बाहेर गेली आणि दार ओढून उभी राहिली. आत मायक्रोफोन चालू होते. खोलीत टकलूमामाशिवाय कुणी नव्हतं.

दोघं परत आल्यावर तिने लेकीला खुर्चीत बसवलं, हेडफोन चढवले. "डोळे मिट. आवाज जिथून येईल तिकडे बोट दाखव हं."

डावीकडच्या चाव्या वाजल्या. लेकीचं बोट उजवीकडे गेलं.

आईने यंत्र थांबवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो मात्र लेकीच्या डोक्याकडे बघत होता.

"बाईसाहेब, हेडफोन उलटे घातलेत."

रोज हेच काम करणारी ही बाई! तिने स्वतःला चार शिव्या मोजल्या, हेडफोन फिरवले, पुन्हा लावलं. डावीकडे. मागे. उजवीकडे. बोट एकदाही चुकलं नाही. हसावं की रडावं कळेना, म्हणून आईने दोन्ही केलं.

चाव्या संपल्या. लेकीने डोळे उघडले नाहीत. तिचं बोट सावकाश डावीकडे आलं, अगदी कानाला टेकलं.

"आता काय येतंय ऐकू?" आईने हेडफोनची एक बाजू उचलून विचारलं.

"श्वास..."

तिने हेडफोन स्वतःला लावले. रिकाम्या खोलीची शांतता. आणि त्या शांततेत, डाव्या कानाच्या पाळीजवळ, कुणीतरी संथपणे श्वास घेत होतं. मानेवर ऊब यावी इतक्या जवळून.

"तुझाच असेल गं," नवरा ऐकून म्हणाला. "नाहीतर पाण्याच्या नळातली हवा."

"मी... दाराबाहेर होते."

"मग मेहुण्यांचा."

तो हसला, आणि खरं सांगायचं तर तीही हसली. नळातली हवा म्हणे, तर नळातली हवा. कुणाचा का असेना, इतका बारीक श्वास पोरीने डाव्या कानाने टिपला होता! छातीवरचा धोंडा उतरला. तिने लेकीला उचलून घेतलं, त्या डाव्या कानाचे मुके घेतले.

"लबाडे, इतकं छान ऐकू येतं तुला! मग मी या बाजूने हाक मारते तेव्हा ओ का देत नाहीस?"

"या बाजूला ती बोलत असते ना," लेक म्हणाली. "मोठी माणसं बोलत असली की मध्ये बोलायचं नाही, तूच सांगितलंयस."