शकुआक्काची मोकळी जीभ

तापाच्या साथीनं अख्ख्या कोल्हापूरची चव पळवली, तेव्हा तांबडा रस्सा कुठला आणि रंकाळ्याचं पाणी कुठलं, हे माणसांना फक्त रंगावरून कळायचं. मग एका कंपनीनं चकत्या आणल्या. नखाएवढी चकती जिभेखाली बसवायची. ती घासातलं मीठ, आंबट, तिखट, कडू मोजते आणि मेंदूला कळवते. मोजायचं काम चकतीचं, पण कळवायचं काय, ते ठरवणार आतला प्रोग्रॅम. तो कंपनीचा, कुलूपबंद.

उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी कुटून आली की गल्लीतल्या बायका चिमूटभर आधी शकुआक्काच्या जिभेवर ठेवायच्या. ती "झ्याक" म्हणाली की मगच बरण्या भरायच्या. आक्काचा सगळा तोरा त्यावरच.

भाची केतकी चकतीत दुसरा प्रोग्रॅम घालायला आली, 'मोकळी जीभ' नावाचा, फुकटातला. आक्कानं तोंडच मिटलं.

"फुकट? फुकट कोण देतंय गं? उद्या कारलंबी गोड लागायला लावशील."

"मावशी, लोकांनीच मिळून लिहिलाय. कुणीही उघडून वाचावा, चुकलं तर सुधारावं."

"म्हंजे मी चोरून बर्फी खाल्लेली गावाला कळणार?"

"प्रोग्रॅम उघडा असतो, तुझं तोंड नव्हे! कंपनीचा आत काय करतो, ते मात्र कुणालाच ठाऊक नाही."

हे आक्काला टोचलं. आता तिला जुन्याचाच संशय यायला लागला. "घाल बघू."

घातला. आक्कानं आपल्याच बरणीतली चटणी चाखली. थू! लसूण करपलेला, मीठ नुसतं खारट जहर.

"बिघडीवलंस की गं माझं तोंड!"

केतकीनं फोनवर चकतीची जुनी मोजमापं उघडली. "मोजलेलं तेव्हाही हेच होतं, मावशी. जुना प्रोग्रॅम वाईट तेवढं गाळून कळवायचा. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून."

"मग इतकी वर्सं कुणी बोललं कसं न्हाई?"

"सगळ्यांच्या जिभेखाली तीच चकती."

एवढ्यात शेजारची हौसाबाई वाटी घेऊन आली, हात मनगटापर्यंत लाल. "आक्का, तुमी म्हनला की बरनी भरतो."

आक्कानं चाखली. कडू. हौसाबाई तोंडाकडं बघत उभी. खरं बोलावं, तर गल्लीतली एकेक बरणी दारात येऊन जाब विचारणार.

"झ्याक!"

हौसाबाई नाचत गेली.

दुपारी केतकीनं आमटी केली. आक्का भुरके मारत म्हणाली, "झ्याक झालीया गं."

केतकी तिच्या तोंडाकडं बघत राहिली. ते 'झ्याक' प्रोग्रॅम असतं, तर उघडून वाचलं असतं.