कोरी पट्टी

प्रयोगशाळेत दिवस सुरू व्हायचा तो कोरी पट्टी मारून. मधोमध खाच पाडलेली, बोटाएवढी पोलादी पट्टी यंत्रात ठेवायची आणि जड हातोडा सोडायचा. कोरी पट्टी धप्प करून वाकली, म्हणजे यंत्र ठीक. मग जाड काचेपलीकडच्या, न्यूट्रॉनांचा मारा खाल्लेल्या पट्ट्यांची पाळी. त्या टण्णकन तुटायच्या. अणुसंलयन भट्टीच्या भिंती याच पोलादाच्या होणार होत्या, तेव्हा ते किती मार खाऊन दगा देतं हे आधी कळायला हवं होतं. काचेपलीकडे यांत्रिक हात चालायचे. कोरी पट्टी मात्र सगळे उघड्या हातानेच ठेवत.

त्या सकाळी यंत्रावरच्या जुन्या मास्तरांनी ठेवलेली कोरी पट्टी टण्णकन तुटली. तुटलेली बाजू साखरेसारखी चमकत होती. डबे बदलले म्हणून मास्तरांनी भांडारवाल्याला फैलावर घेतलं. तो बिचारा नवा डबा घेऊन आला. त्यातलीही तुटली.

त्याच डब्यातली पट्टी त्यांच्या सहकारी बाईंनी ठेवली. धप्प. वाकली.

"तुमच्या हाताला यश नाही, मास्तर," त्या हसल्या. मास्तरांनी आणखी एक ठेवली, तेव्हा मात्र हसल्या नाहीत.

किरणोत्सर्ग मोजणारा छातीवरचा बिल्ला तपासला, त्यावर काही नव्हतं. मापकयंत्र तळव्यांवरून फिरवलं, ते गप्प. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले आणि झोप नीट घ्या म्हणाले. मास्तरांना घरच्या दाराची तुटलेली कडी आठवली, तुटलेले चमचे आठवले, परवा कुलपात मोडलेली किल्ली आठवली. हल्लीचा माल असाच, म्हणून त्यांनी दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या. मग उशिरा झालेली एकुलती एक लेक आठवली. तिला ते रोज कडेवर घेत होते.

घरी आले ते हात खिशात घालूनच.

"घ्या की तिला, केव्हाची वाट बघतेय," बायको म्हणाली.

"हात मळलेत."

लेक पलंगावर उभी होती. तिने झेप घेतलीसुद्धा. झेलायला पुढे गेलेले हात मास्तरांनी मागे ओढले.

ती दोन्ही पायांवर उतरली. पडली नाही. रडली नाही.

"बाबा, माझ्या पायात काहीतरी वाजलं."

"दुखतंय?"

तिने जरा विचार केला.

"नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा पलंगावर चढू लागली.