आगाऊ आतडं

कर्करोगाचा जन्म मानवजातीने प्रथमच डोळ्यांनी पाहिला. त्या वेळी मानवजातीच्या एका हातात साबुदाणा वडा होता, कारण डॉ. शंतनू रेळेकरांची चतुर्थी होती. आधी चटणी सूक्ष्मदर्शकावर सांडली की आधी पेशी बिघडली, यावर पेशीवेध केंद्रात अजून एकमत झालेलं नाही.

त्या काळी पन्नाशी आली की प्रत्येकाच्या आतड्यातून तिळाएवढा तुकडा काढून काचेच्या बशीत वाढवत. खास द्रव्यांनी त्याला भराभर म्हातारं करत, म्हणजे शरीरात पुढच्या वर्षी व्हायचं ते बशीत आजच होई. सूक्ष्मदर्शक मंद उजेडात अहोरात्र त्याच्यावर नजर ठेवी. शास्त्रज्ञ त्याला 'अग्रगामी ऊतक' म्हणत. लोक 'आगाऊ आतडं' म्हणत, आणि लोकांचंच बरोबर होतं.

आज शंतनूने मोठ्या पडद्यावर चित्रफीत लावली होती. प्रेक्षक एकच, त्याची वहिनी ऋजुता. ती ड्रायव्हिंग स्कूल चालवायची.

"ही हिरवी टिंबं म्हणजे पेशी. शेजारणीचा स्पर्श झाला की निरोगी पेशी वाढायची थांबते. आता ही केशरी बघ, वहिनी."

केशरी टिंब शेजारणींना रेटत दुप्पट झालं, चौपट झालं.

"ब्रेक फेल," ऋजुता म्हणाली.

"अगदी!"

"कुणाचं हो हे आतडं? बिचारं!"

शंतनूने चष्मा पुसला. "तुझं."

पडद्यावर केशरी गर्दी वाढतच होती.

"म्हणजे माझ्या पोटात..."

"गाठ आहे. काल तुझी तपासणी केली ना, त्यात दिसली. जिथून तुकडा घेतला होता बरोब्बर तिथेच!" आवाजातला आनंद त्याला आवरेना. "सोमवारी ऑपरेशन करू. बरी होशील बहुतेक."

"बहुतेक. आणि हे केशरी तुम्हाला दिसलं कधी?"

"गेल्या वर्षी."

"तेव्हाच सांगितलं असतंत तर?"

"गोळ्यांवर भागलं असतं. पण मग बशीतलं शरीरातही घडतं, हे सिद्ध कसं झालं असतं? तुझ्यामुळे लाखो लोक..."

"भाऊजी, आमच्या शिकाऊ गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. तुमचा पाय कुठे होता?"

शंतनूने पडदा बंद केला. "नियमाने घरातल्या एकालाच सांगता येतं, आणि त्याने ते पुढे सांगायचं नसतं. दादाला सांगितलं होतं."

"ती एक मी का नाही?"

"तू नमुना आहेस, वहिनी."

ऋजुता खुर्चीत मागे रेलली. वर्षभर तिचा नवरा अभिजित तिच्याआधी उठून चहा करत होता. रस्ता ओलांडताना हात धरत होता. नवरा पन्नाशीत पुन्हा प्रेमात पडलाय, असं तिने मैत्रिणींना लाजत लाजत सांगितलंही होतं. त्याला फक्त बातमी आधी लागली होती.

तिने पर्स उचलली. दारापाशी थांबली.

"भाऊजी, एवढं करा. मला कळलंय हे सोमवारपर्यंत अभिजितला सांगू नका. चहा आत्ता कुठे जमायला लागलाय त्याला."